१२,३४,५६,७८९ : एका मोठ्या संख्येची कागदावर पूर्ण तपासणी

बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. एक ते नऊ हे अंक ओळीने मांडले की ही संख्या मिळते. तिच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुधा अंकांच्या गमतीपुरतं असतं: आठने गुणा, नऊ मिळवा, अंक उलटे होतात, वगैरे. या लेखात तिची रीतसर तपासणी करायची आहे: मूळ अवयव, विभाजक, वर्गांच्या बेरजा आणि एक भागिले ही संख्या केल्यावर येणारा दशांश. या रीती कुठल्याही आठ-दहा अंकी संख्येला लागू पडतात. उदाहरण एकच धरलं आहे, म्हणजे प्रत्येक पायरी शेवटपर्यंत नेता येईल. लेखनाच्या सोयीसाठी या संख्येला क्ष म्हणू.

सुरुवातीलाच एक भेद पक्का करून घ्या. काही गुणधर्म संख्येचे स्वतःचे असतात आणि काही ती लिहिण्याच्या पद्धतीचे. क्ष ला ३ ने भाग जातो हे ती कुठल्याही पद्धतीत लिहिली तरी खरंच राहतं. तिच्या अंकांची बेरीज ४५ येते हे मात्र फक्त दशमान लेखनात. मोठ्या संख्यांबद्दलचे बरेच चुकीचे निष्कर्ष या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळेच निघतात.

साहित्य फार लागत नाही. कागद, पेन्सिल, ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी आणि बारा अंकी कॅल्क्युलेटर. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर क्ष मावतच नाही.

स्वल्पविराम पुसा, मग गट पाडा

१२,३४,५६,७८९ असे स्वल्पविराम वाचायला सोयीचे, पण तपासणीत हमखास फसवतात. कसोट्यांसाठी गट नेहमी एककाकडून आणि सारख्याच लांबीचे पाडावे लागतात. ७, ११, १३, २७ आणि ३७ च्या कसोट्यांसाठी तीन-तीनचे: १२३ | ४५६ | ७८९. वर्गमूळ काढण्यासाठी दोन-दोनचे: १ | २३ | ४५ | ६७ | ८९. कोटी-लाखाचे स्वल्पविराम यातल्या कशाशीही जुळत नाहीत. एककाकडचा गट ३ अंकी, बाकीचे २ अंकी, अशा मिश्र गटांवर कसोटी लावली की उत्तर चुकलंच समजा.

लहान भाजक आधी झाडून काढा

शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो:

१२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१

या भागाकाराच्या अंकांची बेरीज २६ येते. तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे क्ष मध्ये ३ हा अवयव बरोबर दोनदा आहे, तिसऱ्यांदा नाही. इथे काही जण अंकांच्या बेरजेवरून २७ ची कसोटी लावू पाहतात. अशी कसोटी नाही. २७ साठी तीन-तीन अंकी गटांची बेरीज करायची: १२३ + ४५६ + ७८९ = १३६८. १३६८ ला २७ ने भागल्यावर १८ उरतात, म्हणून भाग जात नाही. त्याच १३६८ ला ३७ ने भागल्यावर बाकी ३६, म्हणून ३७ ही बाद. एकाच बेरजेत दोन्ही कामं होतात, कारण ९९९ = २७ × ३७.

७, ११ आणि १३ साठी तेच गट आलटून पालटून अधिक-उणे करा:

७८९ − ४५६ + १२३ = ४५६

७ × ११ × १३ = १००१, आणि १००० ही त्याहून एकने कमी. म्हणून दर तीन अंकांनी चिन्ह उलटतं. आता क्ष ऐवजी नुसत्या ४५६ ला भागा: ७ ने बाकी १, ११ ने ५, १३ ने १. तिन्ही बाद. (मधला गट जसाच्या तसा परत आला याचं नवल नको. १२३, ४५६ आणि ७८९ हे गट सारख्या अंतरावर आहेत, म्हणून टोकांच्या बेरजेतून मधला वजा केला की मधलाच उरतो.)

यापुढे थेट भागाकार, आणि तो क्ष वर न करता १,३७,१७,४२१ वर. नऊपट लहान संख्या हाताशी असताना मोठी कशाला घ्यायची? १७ ने बाकी २, १९ ने १०, २३ ने १४. या बाक्या खोडू नका, पुढे पडताळ्याला लागतील.

असं किती पुढे जायचं? १,३७,१७,४२१ चं वर्गमूळ सुमारे ३७०३.७ आहे, म्हणजे नियमाने ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. पहिला यशस्वी भाजक ३६०७ वर मिळतो, आणि ३६०७ ही ५०४ वी मूळ संख्या आहे. पाचशे भागाकार हाताने करताना कुठेतरी चूक होणारच. इथे रीत बदलायची.

दोन वर्गांच्या वजाबाकीने अवयव

विषम संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात लिहिता आली की अवयव लगेच पडतात, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). ही रीत फ्रेंच गणितज्ञ फर्मा याच्या नावाने ओळखली जाते. सतराव्या शतकात त्याने २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे ४४,०२१ आणि ४६,०६१ हे अवयव याच मार्गाने काढून दाखवले होते. पण १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त नारायण पंडिताने याच कल्पनेवरची रीत दिली आहे, हेही माहीत असावं.

कृती अशी. वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्या. त्याच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करा. उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते बघा. नसेल तर पूर्णांक एकने वाढवा.

३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. वजाबाकी २१९५. पूर्ण वर्गाच्या शेवटी ५ असेल तर त्याआधी २ असावाच लागतो, म्हणजे शेवट २५ हवा. इथे ९५ आहे, म्हणून वर्गमूळ न काढताच बाद.

३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. वजाबाकी ९६०४. हा ९८ चा वर्ग.

दुसऱ्याच पायरीला काम झालं. ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. म्हणून

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३६०७ × ३८०३

आता राखून ठेवलेल्या बाक्या बाहेर काढा. १७ ने भागल्यावर ३६०७ ची बाकी ३ आणि ३८०३ ची १२. गुणाकार ३६, त्याला १७ ने भागून बाकी २. आधी आलेल्या बाकीशी जुळते. १९ साठी १६ × ३ = ४८, बाकी १०. हीही जुळते. गुणाकार पुन्हा करून बघण्यापेक्षा हा पडताळा चांगला, कारण पुन्हा केलेल्या गुणाकारात माणूस तीच चूक पुन्हा करू शकतो. बाक्या मात्र वेगळ्या वाटेने आलेल्या असतात.

रीत इतकी झटपट चालली याचं श्रेय आकड्यांना आहे. दोन्ही अवयव वर्गमुळाच्या अगदी जवळ, त्यांच्यात अंतर फक्त १९६. अवयव लांब लांब असतील तर हीच रीत रडवते. उलटी संख्या ९८,७६,५४,३२१ घ्या. तिला ९ ने भागून १०,९७,३९,३६९ मिळतात, आणि त्यांचे अवयव १७ × १७ × ३,७९,७२१. वर्गांच्या फरकाची रीत इथे १०,४७६ पासून सुरू होऊन १,९०,००५ वर थांबते, म्हणजे १,७९,५३० पायऱ्या. साध्या भागाकाराला तोच १७ सातव्या मूळ संख्येवर सापडतो. तेव्हा क्रम असा ठेवा: शंभरच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून घ्या, मग वर्गांच्या फरकाच्या वीसेक पायऱ्या करा, तरीही काही हाती लागलं नाही तर संगणकाकडे वळा. पहिला टप्पा वगळून थेट दुसऱ्यावर उडी मारायचा मोह होतो. तो टाळा.

३६०७ आणि ३८०३ खरोखर मूळ आहेत का?

हा टप्पा गाळला तर पुढची सगळी उत्तरं हवेत राहतात. ६१ चा वर्ग ३७२१ हा ३६०७ पेक्षा मोठा, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंत तपासणं पुरे. ३८०३ साठी ६१ पर्यंत जावं लागतं. ३, ७, ११, १३ पासून क्रमाने भागत जा. कुठेच बाकी शून्य येत नाही. घाईत चूक होते ती ३६०७ ला ४१ ने भागताना: ४१ × ८८ = ३६०८, फक्त एकने हुकतं. बाकी ४० आहे, शून्य नाही. दोन्ही संख्या मूळ ठरल्या, म्हणजे अवयवांचं काम संपलं.

विभाजक, त्यांची बेरीज आणि सहमूळ संख्या

विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात एक मिळवून गुणाकार करायचा. ३ चा घातांक २, बाकी दोघांचा १: ३ × २ × २ = १२. दोन तिनांना वेगवेगळे अवयव धरून २ × २ × २ × २ = १६ असं उत्तर काढणं ही नेहमीची चूक. यादी केली की ती लगेच उघडी पडते:

१, ३, ९, ३६०७, ३८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३, १२,३४,५६,७८९.

विभाजकांची बेरीज हवी असेल तर यादी बेरजेला घेण्याची गरज नाही. (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून क्ष स्वतः वजा केल्यावर ५,४९,६६,०२७ उरतात. ही रक्कम क्ष च्या निम्म्याहूनही कमी आहे, म्हणजे परिपूर्ण संख्येच्या (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येणाऱ्या संख्येच्या) जवळपासही आपण नाही.

क्ष पेक्षा लहान आणि क्ष शी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती? ऑयलरच्या सूत्राने ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. इथला ६ कुठून आला ते बघा. ९ पर्यंतच्या संख्यांतून ३, ६ आणि ९ काढले की ६ उरतात. मूळ संख्येसाठी आपण एक वजा करतो, तेच ९ ला लावून ८ घेतले तर उत्तर चुकतं, आणि ३ ला दोनदा लावून २ × २ = ४ घेतले तरी चुकतं.

वर्गांशी नातं

दोन-दोनच्या गटांनी वर्गमूळ काढायला बसा. ही या संख्येची सगळ्यात देखणी पायरी आहे. पहिला गट १, मूळ १, बाकी शून्य. २३ उतरवा: २१ × १ वजा, बाकी २. पुढे २४५ मधून २२१ वजा, बाकी २४. मग २४६७ मधून २२२१ वजा, बाकी २४६. शेवटी २४,६८९ मधून २२,२२१ वजा, बाकी २४६८. प्रत्येक पायरीला मुळात १ च वाढतो आणि बाकीत सम अंक ओळीने येत जातात:

१२,३४,५६,७८९ = ११,१११ चा वर्ग + २४६८

म्हणजे क्ष पूर्ण वर्ग नाही. वर्गमूळ सुमारे ११,१११.१११०६. घनही नाही: ४९८ चा घन १२,३५,०५,९९२, म्हणजे क्ष पेक्षा थोडा मोठा, आणि ४९७ चा घन बराच लहान.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का? इथे एक पक्का सापळा आहे. क्ष ला ४ ने भागल्यावर बाकी १ येते. मूळ संख्येची बाकी १ असेल तर ती दोन वर्गांची बेरीज असतेच, हे अनेकांना आठवतं आणि तेच क्ष ला लावलं जातं. पण क्ष मूळ नाही. संयुक्त संख्येसाठी तिचा प्रत्येक मूळ अवयव तपासावा लागतो: ४ ने भागून ३ उरणारे अवयव सम घातांकाने आलेले हवेत. ३ चा घातांक २ आहे, तो चालेल. ३६०७ आणि ३८०३ दोघांचीही बाकी ३ आणि घातांक १. म्हणून क्ष दोन वर्गांची बेरीज कधीच होऊ शकत नाही. दोन ‘वाईट’ अवयवांच्या बाक्यांचा गुणाकार ३ × ३ = ९, आणि त्याची बाकी १, एवढ्यामुळेच वरवर सगळं ठीक दिसत होतं.

तीन वर्ग मात्र पुरतात. लजांद्रच्या प्रमेयानुसार ८ ने भागून ७ उरणाऱ्या संख्या आणि त्यांच्या ४, १६, ६४… पटी एवढ्याच तीन वर्गांत बसत नाहीत. क्ष ची ८ ने बाकी ५. प्रत्यक्ष वर्ग शोधायला वरची बाकीच कामी येते. २४६८ = ४ × ६१७, आणि ६१७ = १९ चा वर्ग + १६ चा वर्ग. दुप्पट केले की ३८ आणि ३२:

१२,३४,५६,७८९ = ११,१११² + ३८² + ३२²

वर्गांच्या फरकाने लिहायचे मार्ग सहा, कारण १२ विभाजकांच्या जोड्या सहा. त्यातली सगळ्यात जवळची जोडी १०,८२१ आणि ११,४०९. तिच्यापासून ११,११५² − २९४² मिळतं.

क्ष ही सलग संख्यांची बेरीज म्हणून लिहिण्याचं गणितही विभाजकांवरच चालतं. विभाजक ९ घेतला तर १,३७,१७,४२१ मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना चार-चार: १,३७,१७,४१७ ते १,३७,१७,४२५. विभाजक ३६०७ घेतला तर मध्य ३४,२२७, म्हणून ३२,४२४ ते ३६,०३०. विभाजक मोठा आणि मध्य लहान असेल, उदाहरणार्थ ३४,२२७ पदं आणि मध्य ३६०७, तर मालिका −१३,५०६ पासून सुरू होते. घाबरू नका. ऋण संख्या त्यांच्या धन जोडीदारांबरोबर कटतात आणि १३,५०७ ते २०,७२० ही ७२१४ पदांची बेरीज उरते.

१ भागिले क्ष: आवर्तन किती लांब?

या संख्येचा सर्वांत समृद्ध भाग हाच आहे आणि तो सहसा कोणी उघडत नाही. आधी एक समानता सिद्ध करून घ्या:

क्ष × ८१ = ९,९९,९९,९९,९०९

म्हणजेच १० चा दहावा घात वजा ९१. यावरून १/क्ष चे सुरुवातीचे अंक भागाकार न करता लिहिता येतात. दशांशचिन्हानंतर दहा-दहा अंकांचे गट करा. पहिला गट ८१, पुढचा प्रत्येक गट आधीच्याच्या ९१ पट:

०.००००००००८१ ००००००७३७१ ००००६७०७६१ ००६१०३९२५१ …

पाचव्या गटापासून हातचे सुरू होतात. सहाव्या पदाला बारा अंक होतात आणि त्याचे ५० पाचव्या गटात येऊन मिळतात. हातचे विसरले की पुढचा सगळा दशांश चुकतो.

क्ष ला २ किंवा ५ ने भाग जात नाही, म्हणून आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट, दशांशचिन्हानंतर लगेच सुरू होतं. ते किती अंकांचं, हे काढायला प्रत्येक मूळ अवयवाचं आवर्तन स्वतंत्र काढून त्यांचा लसावि घ्यायचा. १/९ चं आवर्तन १.

३८०३ साठी आवर्तनाची लांबी ३८०२ ची विभाजक असते. ३८०२ = २ × १९०१, आणि १९०१ मूळ आहे. पर्याय उरतात १, २, १९०१, ३८०२. पहिले दोन सरळ बाद, कारण ९ आणि ९९ ला ३८०३ ने भाग जात नाही. उरलेल्यांत निवड करायला १० हा ३८०३ च्या हिशेबात ‘वर्गबाकी’ आहे का ते बघायचं, म्हणजे कुठल्या तरी वर्गाला ३८०३ ने भागून १० उरतात का. यासाठी २ आणि ५ वेगवेगळे तपासा. २ साठी मूळ संख्येची ८ ने बाकी १ किंवा ७ हवी. ३८०३ ची बाकी ३, म्हणून नाही. ५ साठी शेवटचा अंक १ किंवा ९ हवा. इथे ३, म्हणून नाही. दोन नकारांचा गुणाकार होकार. १० वर्गबाकी ठरला, म्हणून आवर्तन ३८०२ च्या निम्म्यात बसतं: १९०१ अंक.

३६०७ थोडी मेहनत मागतो. ८ ने बाकी ७, म्हणून २ साठी होकार. शेवटचा अंक ७, म्हणून ५ साठी नकार. गुणाकार नकार, म्हणजे आवर्तन ३६०६ च्या निम्म्यात बसत नाही. ३६०६ = २ × ३ × ६०१, तेव्हा पर्याय २, ६, १२०२, ३६०६. ९९ किंवा ९,९९,९९९ यांचा एकही मूळ अवयव ३७ हून मोठा नाही, म्हणून २ आणि ६ बाद. आता १० च्या १२०२ व्या घाताला ३६०७ ने भागल्यावर १ उरतो का एवढंच बघायचं. वरच्या समानतेमुळे १० चा दहावा घात म्हणजे बाकी ९१, म्हणून ९१ चा १२० वा घात काढून १०० ने गुणलं की झालं. प्रत्येक वेळी ३६०७ ने भागून फक्त बाकी पुढे न्या:

९१ चा २ रा घात: १०६७
४ था: २२८४
८ वा: ९३४
१५ वा (८ वा × ४ था × २ रा × ९१): ११३
३० वा: १९४८
६० वा: १४०
१२० वा: १५६५
शेवटी १५६५ × १००: बाकी १३९९

बाकी १ नाही, म्हणून आवर्तन पूर्ण ३६०६ अंकांचं. पडताळा घ्यायचा तर १३९९ चा घन करा. त्याला ३६०७ ने भागून १ उरायलाच हवा, कारण १२०२ च्या तिप्पट ३६०६. १३९९ च्या वर्गाची बाकी २२०७, आणि २२०७ × १३९९ ची बाकी १. मधल्या सात पायऱ्यांत एक जरी चुकली असती तरी हा १ येणं जवळजवळ अशक्य होतं.

१, ३६०६ आणि १९०१ यांचा लसावि ६८,५५,००६. म्हणजे १/क्ष चे दशांश अंक अडुसष्ट लाख पंचावन्न हजार सहा अंकांनंतर पुन्हा पहिल्यापासून येतात. ही लांबी सहमूळ संख्यांच्या गणतीला, ८,२२,६०,०७२ ला, नेमकी १२ वेळा जाते. ती पूर्ण संख्येत गेली नसती तर हिशेबात कुठेतरी घोळ आहे असं समजायचं.

अंकांच्या गमतीमागचं कारण

आता ते प्रसिद्ध आठपट. क्ष ही १ + ११ + १११ + … + ११,११,११,१११ अशा नऊ संख्यांची बेरीज आहे. प्रत्येकीला ९ ने गुणलं की ९, ९९, ९९९… म्हणून ९ × क्ष = १,११,११,११,११० − ९ = १,११,११,११,१०१. दुसरीकडे क्ष आणि तिची उलटी संख्या यांची बेरीज १,११,११,११,११०, कारण प्रत्येक स्थानी अंकांची बेरीज १०. दोन्ही ओळी एकत्र ठेवल्या की ८ × क्ष + ९ = ९८,७६,५४,३२१ हे आपोआप बाहेर पडतं. त्यातूनच या दोन संख्यांचा मसावि ९ आहे हेही कळतं, आणि मोठीला लहानीने भागल्यावर ८.०००००००७२९ च्या आसपास उत्तर का येतं तेही.

हा सगळा दशमान लेखनाचा गुण. अष्टमान पद्धतीत (जिथे ० ते ७ एवढेच अंक असतात) १२३४५६७ ला ६ ने गुणून ७ मिळवा, ७६५४३२१ येतात. तिथे ती संख्या वेगळीच आहे (आपल्या लेखनात ३,४२,३९१), नमुना तोच. उलट क्ष चे अवयव ३६०७ आणि ३८०३ कुठल्याही लेखनात तेच राहतात.

आणखी एक गल्लत: ९ ने गुणल्यावर नऊ एकं देणारी संख्या १,२३,४५,६७९ आहे, तिच्यात ८ नाही. क्ष शी तिची अदलाबदल करू नका.

यंत्रावर पडताळताना

द्विमान रूप हवं असेल तर २ ने सत्तावीस वेळा भागण्यापेक्षा १६ ने सात वेळा भागा. बाक्या खालून वर वाचल्या की ७, ५, ११, १२, १३, १, ५. प्रत्येकीचे चार द्विमान अंक लिहा (पहिल्या ७ चे तीनच): १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१. एकूण २७ अंक, त्यात १६ एकं.

३२ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकाची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. क्ष ची १७ पट त्यात मावते, १८ पट मावत नाही आणि अनेक भाषांत कसलाही इशारा न देता ऋण उत्तर येतं. स्प्रेडशीटचा अडथळा वेगळा. तिथे १५ सार्थ अंकच टिकतात. क्ष चा वर्ग १५,२४,१५,७८,७५,०१,९०,५२१ आहे, स्प्रेडशीट शेवटचे दोन अंक शून्य करून …९०,५०० दाखवते. अशा उत्तरावर भाग जातो का ही तपासणी केली तर ती निरर्थक ठरते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण एकेरी तिरकी रेघ दशांश भागाकार करते आणि तिथेही पंधरा-सोळा अंकांनंतर अचूकपणा सुटतो. पूर्णांक भागाकारासाठी दुहेरी रेघ वापरा. १० च्या १२०२ व्या घातासारख्या बाक्या काढताना घात, पाया आणि भाजक तिन्ही एकाच आज्ञेत द्या. तसं केलं नाही तर यंत्र आधी बाराशे अंकी संख्या तयार करतं आणि मग तिला भागायला बसतं.